परमुलखातले पहिले पंधरा दिवस



चालकांनी आम्हांस विषय दिला तो ‘नव्या देशातले पहिले दिवस’ असा. ह्या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बोटीने विलायतेस गेलेल्यांनी लिहिले, विमानाने अमेरिकेस गेलेल्यांनी लिहिले. थंडी कशी वाजली, भाजी कोठे मिळाली, शेजारीण कशी हसली, हे सारे आपण वाचलेले आहे. त्यात भर घालण्याची आमची पात्रता नाही. आमचा वावर कामगारांत. तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते आखाती देशांत कामाला जाणाऱ्या गवंड्याविषयी, सुताराविषयी, वेल्डरविषयी, ड्रायव्हरविषयी. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा एकट्याचा तोरा समजू नये. युनियनच्या कचेरीत रोज संध्याकाळी बसणारे, लोकांचे कागद वाचून दाखवणारे आणि अर्ज लिहून देणारे आम्ही चौघेपाच जण, असा त्याचा अर्थ घ्यावा.

सांगावयाचे आहे ते आधीच सांगून टाकतो. परमुलखात गेलेल्या कामगाराचे पुढच्या दोन वर्षांत काय होणार, हे बहुतेक पहिल्या पंधरा दिवसांत ठरते. पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहणार, पगार किती मिळणार, अंगावरचे कर्ज फिटणार की नाही, आणि कधी कधी तर माणूस जिवंत परत येणार की नाही, हेसुद्धा त्या पंधरा दिवसांत ठरून जाते. आणि नेमके तेच पंधरा दिवस असे की ज्यांत कायदा, सरकार, युनियन, गाववाले, ह्यांपैकी कोणीही त्याच्याजवळ नसते.

आपल्या कोकणपट्टीला आखात नवे नाही. खेड, दापोली, चिपळूण, राजापूर ह्या बाजूंचे लोक पिढ्यान्पिढ्या तिकडे जात आले. मुंबईच्या बंदरातून बोटी सुटत. त्यांपैकी ‘द्वारका’ ही शेवटची बोट 1982 पर्यंत चालू होती. आखातात एके काळी आपला रुपयाच चालत असे. 1959 मध्ये भारत सरकारने तिकडच्यासाठी वेगळा ‘गल्फ रुपया’ काढला, आणि पुढे एकेका संस्थानाने हा रुपया सोडून दुसरे चलन सुरू केले. 1973 साली तेलाचे भाव भडकले, वाळवंटात रस्ते, बंदरे, शहरे उठू लागली आणि माणसांची मागणी एकदम वाढली. आज आखातातल्या सहा देशांत मिळून 90 लाखांच्या घरात भारतीय आहेत. त्यांतले कित्येक दुकानदार आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत. आमचे बोलणे त्यांच्याविषयी नाही. ज्याचे शिक्षण दहावीच्या अलीकडे थांबले आणि ज्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ हा शिक्का आहे, म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून ठरावीक देशांत ज्याला कामाला जाता येत नाही, त्याच्याविषयी आहे.

आता हे पहिले दिवस सुरू कोठे होतात? विमानतळावर नव्हे. ते सुरू होतात गावात, सावकाराच्या किंवा सोनाराच्या दुकानात. एजंटाने किती पैसे घ्यावेत ह्याचा नियम आहे. 1983 च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदलेल्या एजंटासाठी ठरलेली मर्यादा आहे 30,000 रुपये आणि त्यावरचा कर. परंतु नोंदलेला एजंट असतो मुंबईला, आणि गावात येतो तो त्याचा पोटएजंट. हा पोटएजंट कधी कोणाचा मेहुणा असतो, कधी मागच्या खेपेला जाऊन आलेला असतो. पावती देत नाही. लाख मागतो, दीड लाख मागतो. देणाऱ्याला वाटते की आपण नोकरी विकत घेतो आहोत. बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते, आंब्याची कलमे पुढच्या दोन हंगामांसाठी खंडाने जातात, आणि उरलेली रक्कम दरमहा शेकडा तीन रुपयांनी उभी राहते. त्याहून वाईट प्रकार असा की, सरकारी परवानगीची कटकट नको म्हणून एजंट त्याला कामाच्या व्हिसाऐवजी पाहुण्याच्या व्हिसावर पाठवतो. ‘तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगतो. हा माणूस नव्या देशात पाय ठेवतो तो कामगार म्हणून ठेवीतच नाही. कागदोपत्री तो मौज पाहावयास आलेला प्रवासी ठरतो. प्रवाशाला कसला पगार आणि कसली दाद?

असो. कागद नीट आहेत असेच आपण धरून चालू. विमान रात्री उतरते. बाहेर कंपनीचा माणूस नावांची यादी घेऊन उभा असतो. वीसपंचवीस जण जमेपर्यंत त्यांना खाली बसवून ठेवतात. मग बस. बसमध्ये चढताना किंवा कॅम्पवर उतरताना तो माणूस सर्वांचे पासपोर्ट गोळा करतो. ‘शिक्का मारावयास पाहिजे, राहण्याचे कार्ड काढावयाचे आहे.’ हे म्हणणे अर्धे खरे असते. कार्ड काढावे लागतेच. रक्ताची तपासणी, छातीचा फोटो, बोटांचे ठसे, हे सोपस्कार होतात, आणि क्षयाची किंवा काविळीची खूण सापडली तर माणूस परत पाठवला जातो. पण कार्ड निघाल्यावर पासपोर्ट परत यावा, तो पुष्कळदा येत नाही. तो कंपनीच्या कपाटात राहतो.

येथे एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो, कारण शिकलेल्यांनाही ती ठाऊक नसते. आपल्या 1967 च्या पासपोर्ट कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो तुमचासुद्धा नाही, मग कंपनीचा कोठून होणार? कतारच्या 2015 च्या कायद्यातही पासपोर्ट अडकवून ठेवणाऱ्या मालकास 25,000 रियालपर्यंत दंड सांगितला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वेठबिगारीची 11 लक्षणे दिली आहेत, त्यांतले एक म्हणजे ओळखीचे कागद काढून घेणे. इतके सगळे असून रात्री दोन वाजता, झोपेने पेंगणारा, कोणाची भाषा न कळणारा माणूस पासपोर्ट मागणाऱ्याला ‘का?’ असे विचारील काय? तो देतो. पुढे दोन वर्षे त्याची प्रत्येक विनंती त्या कपाटापाशी जाऊन थांबते.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी दुसरा कागद पुढे येतो. मुंबईत त्याने एक करारनामा पाहिलेला असतो. त्यात वेल्डर लिहिलेले असते, आठ तास लिहिलेले असतात, एक आकडा लिहिलेला असतो. तिकडे सही मागतात त्या कागदावर अरबी मजकूर असतो, आणि कामाच्या जागी ‘मजूर’ लिहिलेले असते. आकडा कमी असतो. अरबी वाचता येत नाही, पण आकडा समजतो. तो विचारतो, तेव्हा कंपनीची सरकारी कामे करणारा मनुष्य, ज्याला तिकडे ‘मंदूब’ म्हणतात, तो शांतपणे म्हणतो, ‘नको असेल तर तिकीट काढ आणि जा.’

हे वाक्य ऐकावयास किती साधे! कोणी मारले नाही, कोणी कोंडले नाही. दार उघडे आहे. पण त्या उघड्या दारातून तो का जात नाही, ह्याचा हिशेब आम्ही आमच्या कचेरीत खडूने फळ्यावर मांडून दाखवतो, तो तुम्हांसही दाखवतो. समजा, दीड लाख रुपये कर्ज आहे, व्याज दरमहा शेकडा तीन. म्हणजे महिन्याला 4,500 रुपये, दिवसाला दीडशे. हे दीडशे रुपये तो विमानात बसला तेव्हाही चढत होते, रक्ततपासणीच्या रांगेत उभा होता तेव्हाही चढत होते. समजा, कबूल केलेला पगार आपल्या रुपयांत 30,000 होता. त्यातून 5,000 खाण्याचे, 8,000 घरचे. उरले 17,000. ते सारे कर्जात भरले तर अकरा महिन्यांत माणूस मोकळा होतो, आणि कराराची पुढची तेरा महिन्यांची कमाई त्याची स्वतःची. आता पगार 30,000 ऐवजी 22,000 झाला. खाणे तेवढेच, घरचे तेवढेच. उरले 9,000. त्यातले पहिल्या महिन्यात निम्मे व्याजातच जातात. करा हिशेब. कर्ज फिटावयास लागतात 24 महिने. करार किती महिन्यांचा? 24 महिन्यांचा! म्हणजे दोन वर्षे उन्हात राबून माणूस जेथे होता तेथेच उभा. आणि कित्येक ठिकाणी पहिला पगार हाती पडावयास दीड-दोन महिने लागतात, तेव्हा हिशेब ह्याहूनही बिघडतो. पगारात फक्त 8,000 रुपयांचा फरक पडला आणि दोन वर्षे गेली. तो फरक पडला कधी? तिसऱ्या दिवशी, एका सहीने.

म्हणूनच आम्ही म्हणतो की त्याला कोणी साखळी घातलेली नसते. साखळी तो गावाहून आपल्या खर्चाने बरोबर घेऊन गेलेला असतो.

आता जिवाच्या गोष्टीकडे वळतो. आमच्याकडचा माणूस म्हणतो, ‘उन्हाची आम्हांला सवय आहे, वैशाखात चिरे उचलले आहेत.’ पण तो जातो जून-जुलैत. इकडे पाऊस, गारवा, भाताची लावणी. तिकडे पारा 45 च्या पुढे, आणि समुद्राजवळ असेल तर हवेत दमटपणा इतका की घाम निघतो पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. शरीराला नव्या उष्म्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत शरीर घाम लवकर आणि जास्त गाळावयास शिकते, घामातले मीठ राखावयास शिकते, हृदयाचे ठोके कमी होतात. ही शिकवणी पुरी होण्याआधी पूर्ण पाळी दिली तर मनुष्य कोसळतो. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा खात्याने नोंदवून ठेवले आहे की, उघड्यावरच्या कामात उष्म्याने जे मृत्यू होतात त्यांतले 50 ते 70 टक्के कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. तेथले तज्ज्ञ सांगतात की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्म्यात पाळीच्या फक्त पाचवा हिस्सा काम द्यावे, आणि रोज पाचव्या हिश्शाहून जास्त वाढवू नये. म्हणजे पाचव्या दिवशी तो पूर्ण पाळी करील. कंपनीचे किती नुकसान? दोन दिवसांच्या कामाएवढे!

आखातात दुपारच्या कामावर बंदी आहे, हे मान्य केले पाहिजे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद असते. कतारने 2021 मध्ये ही वेळ वाढवून 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी साडेतीन अशी केली. चांगले केले. पण हे नियम घड्याळ पाहतात, माणूस नवा की जुना हे पाहत नाहीत. सकाळी नऊ वाजताचे ऊन जुन्या माणसाला चालते, तेच नव्याला आडवे करते.

आणि मग संध्याकाळ होते. एका खोलीत आठ-दहा जण, एकावर एक खाटा. कोणी नेपाळचा, कोणी बिहारचा, कोणी बांगलादेशचा. जेवण होते. कोणाच्या तरी फोनवरून तो घरी बोलतो. घरचे विचारतात, ‘बरा आहेस ना?’ तो म्हणतो, ‘एकदम झकास. एसी खोली आहे.’ खोलीत एसी असतो हे खोटे नाही. पण पासपोर्टाचे, पगाराचे, चक्कर येऊन पडल्याचे तो सांगत नाही. का सांगेल? मंगळसूत्र गहाण ठेवून आलेल्या माणसाने तिसऱ्या दिवशी काय सांगावे? आई जेवणार नाही, बायको रात्रभर जागेल, आणि सावकाराच्या कानावर गेले तर तो दारात येऊन बसेल. म्हणून तो बोलत नाही. आणि त्याचे ते ‘झकास’ ऐकून शेजारचा पोरगा त्याच पोटएजंटाकडे पैसे भरतो. एका माणसाच्या लाजेतून दुसऱ्याच्या कर्जाची सुरुवात होते. आमच्या कचेरीत जे आयाबाप येतात ते सहा-सहा महिन्यांनी येतात. तोवर अर्ज लिहावयास शब्द खूप असतात, पण हातात कागद एकही नसतो.

श्रोतेहो, हे सारे ऐकून कोणी म्हणेल की हे आखाताचे दुखणे आहे. आमचे म्हणणे असे नाही. ही जुनीच रीत आहे, फक्त वेष नवा आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातला, घाटावरचा माणूस आला तेव्हा त्यालाही एजंट भेटला होता. त्याचे नाव जॉबर, मुकादम. तो कामावर घेई, तोच काढी. तो दस्तुरी घेई, आणि व्याजाने पैसेही तोच देई. 1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल देणाऱ्या कामगारविषयक शाही कमिशनने ह्या जॉबरच्या लाचखाऊपणावर बोट ठेवले, आणि भरतीचा अधिकार त्याच्या हातून काढून मजूर-अधिकाऱ्याकडे द्यावा अशी शिफारस केली. म्हणजे गरिबाने नोकरीसाठी पैसे मोजावेत ही रीत चुकीची आहे हे 1931 सालीच लिहून झाले आहे. आता नव्याने शोध लावावयाचा नाही.

परंतु गिरणगावात एक गोष्ट होती जी आखाती कॅम्पात नाही. परळ-लालबागला उतरलेल्या माणसाच्या खिशात गावमंडळाच्या खोलीचा पत्ता असे. त्या खोलीत गावची तीसचाळीस माणसे पाळीपाळीने झोपत. वळकटी ठेवण्यास कोपरा मिळे. खानावळवाली बाई पहिला पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घाली. कोणत्या खात्यात धूळ जास्त, कोणता जॉबर खाष्ट, कोणत्या तारखेला पगार, हे पहिल्याच रात्री कळे. गोवेकर खलाशांचे असेच ‘कूड’ धोबीतलाव, माझगावला असत, गावागावाचे निराळे. बोट लागेपर्यंत खलाशी तेथे राही. ही काही धर्मशाळा नव्हती. आम्ही तर म्हणतो, हीच आमच्या चळवळीची पहिली शाखा. युनियनची पावती फाडली जाण्यापूर्वी माणूस ह्या खोलीत संघटित झालेला असे. नव्याला जुना भेटला, एवढ्यानेच जॉबरचा निम्मा जोर कमी होई.

ह्याच्याही मागे जाऊ. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ जहाजातून 36 भारतीय मजूर मॉरिशसला उतरले. पुढे मुंबई बंदरातून आपले मराठी लोकही गेले. त्यांचे वंशज आज तेथे मराठी शिकतात, गणपती आणतात. पोर्ट लुईला ज्या डेपोतून हे लोक गेले, तो आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो, आणि 2006 साली तो जागतिक वारशाच्या यादीत आला. बोटीतून उतरलेल्या माणसाला त्या डेपोत सुमारे दोन दिवस ठेवीत. नाव, बापाचे नाव, वय, जात, अंगावरची खूण लिहून घेत, आणि त्याला एक क्रमांक देत. मग मळ्यावर रवानगी. तेथे एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापीत. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःचा फोटो चिकटवलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. तिकीट नसले की पकडला. ह्याविरुद्ध 1871 साली जुन्या मजुरांनी एक अर्ज केला. आदोल्फ द प्लेव्हिट्झ ह्या गृहस्थाने तो लिहून काढला, आणि त्याच्यावर 9,401 जणांनी सह्या-अंगठे केले. त्या अर्जावरून शाही कमिशन बसले. लक्षात घ्या, अर्ज जुन्यांनी केला. नव्याला काय चालले आहे हे कळत नसते, आणि कळेपर्यंत तो जुना झालेला असतो. म्हणून नव्याची बाजू जुन्यानेच मांडावी लागते. हा नियम तेव्हा खरा होता, आजही खरा आहे.

आमच्या सभांतून नेहमी एक प्रश्न येतो. ‘कोणी जबरदस्तीने नेले का? पैसे मिळतात म्हणूनच जातात ना?’ होय, मिळतात. आखाताच्या पैशाने आमच्या गावांतून पक्की घरे झाली, पोरी शिकल्या, गहाण पडलेल्या जमिनी सुटल्या. आम्ही कोणाला ‘जाऊ नका’ असे सांगत नाही. इकडे काम नाही आणि जावयाचेही नाही, तर माणसाने करावे काय? आमचे म्हणणे एवढेच की, ज्या पैशासाठी तो जातो तो पैसा त्याला मिळावा. पहिल्या तीन दिवसांत तो कोणाच्या तरी खिशात वळता होऊ नये.

सुधारणा झाल्याच नाहीत असेही आम्ही म्हणत नाही. अमिरातीने 2009 पासून पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती आणली. कतारने 2020 मध्ये मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची मुभा दिली, आणि मार्च 2021 पासून किमान वेतन 1,000 रियाल केले, शिवाय राहण्या-खाण्याची सोय नसेल तर त्याचे 800 रियाल निराळे. सौदी अरेबियानेही मार्च 2021 पासून काही कामगारांना नोकरी बदलण्याची सोय केली. आपल्या सरकारने 2014 मध्ये ‘ई-मायग्रेट’ ही नोंदणीची व्यवस्था सुरू केली. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी फक्त 275 रुपये भरून अपघाती मृत्यूला 10 लाखांचे संरक्षण ठेवले. 2018 पासून निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे मोफत शिक्षणही आहे. परंतु बँकेतला पगार तपासला जातो तो करारातल्या आकड्याशी, आणि आकडा तर तिसऱ्या दिवशीच बदललेला असतो! कायदा पोहोचतो तो हिशेब झाल्यावर. आणि ज्याने हिशेबाच्या वेळी शेजारी उभे राहावे ती युनियन तेथे नाही. बहरीनने 2002 साली आणि ओमानने 2006 साली युनियनला मान्यता दिली, पण सौदी, कतार, अमिराती येथे परदेशी कामगाराला आपली युनियन बांधता येत नाही.

मग मार्ग काय? आम्हांस चार गोष्टी सुचतात, आणि त्या चारही पहिल्या पंधरा दिवसांच्याच आहेत.

एक. कामगाराकडून नोकरीसाठी एक पैसाही घेऊ नये, खर्च मालकाचा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या ठरावात हे तत्त्व आहे. हे अशक्य म्हणणाऱ्यांना आम्ही कतारचे उदाहरण देतो. 2022 च्या विश्वचषकाची मैदाने बांधणाऱ्या कंत्राटदारांकडून तेथल्या आयोजक समितीने कामगारांना भरतीचे पैसे परत देवविले, आणि तेही पावती न मागता, दरमहा पगाराबरोबर. ह्याच समितीशी 2016 मध्ये करार करून बांधकाम कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कॅम्पांची संयुक्त तपासणीही केली होती. दडपण आले की अशक्य गोष्टी शक्य होतात, हा आमच्या धंद्याचा अनुभव आहे.

दोन. करारनामा मराठीत, निघण्याच्या निदान पंधरा दिवस आधी. त्याची एक प्रत घरी ठेवावी. तिकडे नवा कागद पुढे केला तर सही करण्यापूर्वी त्याचा फोटो काढून घरी पाठवावा. फोन तर आता प्रत्येकाजवळ आहे. पासपोर्टाच्या पानांचा फोटोही तसाच. पासपोर्ट कपाटात गेला तरी त्याचा क्रमांक घरात राहिला पाहिजे. वकिलातीत अर्ज करताना पहिला प्रश्न क्रमांकाचाच येतो.

तीन. पगार विमानतळावर उतरल्या दिवसापासून, आणि उष्म्यात पहिले पाच दिवस चढते काम. दोन देशांची सरकारे कामगारांविषयी करार करतात, त्यांत एवढे एक कलम घालावे. त्याला तेल लागत नाही, पैसा फारसा लागत नाही. लागते ती फक्त कोणीतरी मागणी करण्याची.

चार. ही गोष्ट सरकारची नाही, तुमची-आमची आहे. प्रत्येक गावाने आपली यादी ठेवावी. कोण कोठे गेला, कोणत्या कॅम्पात आहे, कोणाचा नंबर काय. नवा माणूस निघाला की त्या शहरातल्या जुन्याला कळवावे, आणि जुन्याने पहिल्या शुक्रवारी त्याला जाऊन भेटावे. शुक्रवारी सुट्टी नसेल तेथे ज्या दिवशी असेल त्या दिवशी. दोन केळी न्यावीत, आणि तीन प्रश्न विचारावेत: ‘पासपोर्ट कोठे आहे? कोणत्या कागदावर सही केलीस? अंगात ताकद कशी आहे?’ आईला जे तो सांगत नाही ते तो ह्याला सांगेल. तेथे युनियन बांधण्यास बंदी असेल. गाववाल्याला भेटण्यास कोणत्या देशात बंदी आहे? गावमंडळाच्या खोलीने जे लालबागला केले ते भाड्याच्या खोलीवाचूनही करता येईल, फक्त जुन्याने आपले पहिले दिवस विसरता कामा नयेत. आणि आयाबहिणींना आमचे सांगणे असे की, पहिल्या आठवड्यात फोन आला म्हणजे ‘बरा आहेस ना’ असे विचारू नका. त्याला एकच उत्तर आहे. ‘कागदावर पगार किती लिहिला आहे?’ असे विचारा. आकडा विचारला की लाज आड येत नाही.

1983 च्या कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचे इंग्रजी नाव ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांचा रक्षणकर्ता. मॉरिशसला मळ्यांच्या काळी जो अधिकारी होता त्याच्याही पदवीत हाच ‘प्रोटेक्टर’ होता. शंभर-दीडशे वर्षे रक्षणकर्ता आहे, आणि रक्षण कोणाचे झाले ते आपण पाहिले. एका अधिकाऱ्याने हजारोंचे रक्षण व्हावयाचे नाही. एका जुन्याने एका नव्याचे मात्र होऊ शकते.

आंब्याचा हंगाम संपत आला. आता महिन्याभरात आपल्याच तालुक्यातून कितीतरी पोरे बॅगा भरतील. तुमच्या आळीतला कोण निघाला आहे ते आज घरी जाताना विचारा, आणि तो ज्या शहरी जाणार तेथे आपले कोण आहे तेही विचारा. ती दोन नावे एका कागदावर लिहून आमच्या कचेरीत आणून द्या. पुढचे पत्र आम्ही लिहितो.